आज किती?

माझ्या सासऱ्यांना सगळी वस्ती मीटरवाले म्हणते. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. घरोघर जाऊन विजेचा मीटर वाचायचा आणि आकडा लिहून कचेरीत द्यायचा, एवढंच त्यांचं काम होतं. एवढंच म्हणते खरी, पण त्यांनी ते ज्या निष्ठेने केलं त्या निष्ठेने लोक संसारसुद्धा करत नाहीत. गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरू करायचं आणि शेवटच्या घरी संपवायचं. मधलं एकही घर गाळायचं नाही, क्रम मोडायचा नाही. दाराला कुलूप असलं तर उद्या परत यायचं. कुत्रं असलं तर आधी कुत्र्याशी ओळख करून घ्यायची. आणि आकडा वाचण्याआधी मीटरच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करायची. ही टकटक कशासाठी, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. म्हणाले, "आत कोणी आहे का ते बघायला नको?" हा माणूस थट्टा करतोय की खरंच सांगतोय, हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही मी अधूनमधून फसते.

बोलणं मुळातच कमी. ऐकूही कमी येतं, असा आमच्या घरात समज. समज म्हणते, कारण ते कुणी कधी तपासून घेतलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा बोलण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्या आणि ते खातं कुणी चालवायला घेतलंच नाही. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडायचो ते संध्याकाळी उगवायचो. मधला सगळा दिवस बाबा आणि त्यांची खुर्ची. त्यांना तेवढाच विरंगुळा म्हणून नवऱ्याने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडून दिला. मी त्यावरची अक्षरं मोठी केली, माऊस कसा धरायचा ते दाखवलं. बाबांनी बटणावर दोनदा टकटक केली, समोर काहीतरी उघडलं, आणि ते "हं" म्हणाले. शिकवणी तिथेच संपली.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिनेच घातला. मी ज्या कंपनीत आहे ती बियाणं, कुंड्या, खतं, झाऱ्या असा बागेचा माल वेबसाइटवरून विकते. विकण्याशी माझा संबंध नाही. वेबसाइटवर येणारे लोक काय बघतात, कुठे टिचकी मारतात, कुठे अडतात आणि कुठून निघून जातात, त्यावर नजर ठेवायची हे माझं काम. प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग होतं. त्यात माणूस दिसत नाही, नाव कळत नाही, त्याने काही टाइप केलं तर तिथे नुसत्या फुल्या येतात. दिसतो तो फक्त त्याच्या माऊसचा बाण, पानभर हिंडताना. दिवसभर मी परक्यांचे बाण बघत बसते. आमच्या ऑफिसच्या भाषेत येणारे ते सगळे पाहुणे. पान उघडून लगेच सटकले ते उंबऱ्यावरून परतलेले. माझ्या आईला वाटतं मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, आणि तिचा हा गैरसमज दूर करण्याची मला अजिबात घाई नाही.

बाबांनी एकदा विचारलं, तू तिथे करतेस तरी काय. मी म्हटलं, किती जण भेट देऊन गेले आणि काय बघून गेले ते मोजते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तूही मीटरच वाचतेस." तेव्हापासून त्यांच्या लेखी आम्ही एकाच खात्यातले झालो. मी सकाळी निघाले की ते 'निघालीस का ड्यूटीवर' असं विचारायचे. पोटच्या मुलाला त्यांनी हे कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मध्यंतरी मी हट्टाने वेबसाइटवर एक नवं पान सुरू करायला लावलं. रोपांचा दवाखाना. पानं पिवळी पडली, कीड लागली, मुळं कुजली, तर काय करावं हे त्यात होतं. आमच्या मॅनेजरबाई परवानगी देताना म्हणाल्या, की बघू, लोक आले तर ठेवू, नाही आले तर गुंडाळू. आणि लोक येईनात. घरी जेवायला बसलं की माझं तोंड सुरू व्हायचं. कुणी भेटच देत नाही. आले तर उंबऱ्यावरून परत. जे थांबतात ते पानाच्या तळापर्यंत जात नाहीत, आणि मी खरी मेहनत तळाशी केली आहे. एखादी वस्तू टोपलीत टाकून बघण्याचीसुद्धा कुणाला इच्छा नाही. असंच चाललं तर मला एक दिवस नारळ देतील. शेवटचं वाक्य मी उगाच वैतागून म्हणायची. नारळ देण्यापर्यंत गोष्ट कधीच गेली नव्हती. बाबा खाली मान घालून जेवत असायचे. त्यांना यातलं काही ऐकू जातंय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. एके दिवशी नवरा म्हणाला, ऑफिस ताटात आणू नकोस. मला राग आला, आणि राग आला की मी फार आज्ञाधारक होते. त्यानंतर मी घरात ऑफिसचा 'ऑ' काढला नाही.

पुढे थोड्याच दिवसांनी बाबांनी एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी संध्याकाळी दारात चपला काढत असले की ते खोलीतून बाहेर यायचे आणि विचारायचे, "आज किती?" मी तारीख सांगायची. बारा. ते मान डोलवून आत जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आज किती. तेरा. पुन्हा मान, आणि चेहऱ्यावर समाधान. मला वाटलं, रिकाम्या दिवसांना तारखेचा तेवढाच आधार लागत असेल. म्हणून मी मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आणून त्यांच्या खोलीत, अगदी डोळ्यांसमोर टांगलं. त्यांनी ते निरखून बघितलं, छान आहे म्हणाले, आणि संध्याकाळी दारात येऊन विचारलं, "आज किती?"

त्याच सुमाराला ऑफिसात आमचं लक्ष एका पाहुण्याने वेधून घेतलं. तो रोज सकाळी यायचा, साधारण मी जागेवर बसून पाण्याची बाटली उघडते तेव्हा. पहिल्या पानावरून बियाण्यांत जायचा. तिथली एकेक भाजी, एकेक फूल उघडून बघायचा, मधलं काहीही न गाळता. मग कुंड्या, मग खतं. जिथे टिचकी मारायची तिथे दोनदा मारायचा, आणि जिथे मारून काही होत नाही अशा चित्रांवरही मारायचा. एक झारी उचलून टोपलीत टाकायचा, थोडा थांबायचा, आणि परत जागेवर ठेवायचा. शेवटी माझ्या दवाखान्यात शिरून सावकाश तळापर्यंत उतरायचा, आणि निघून जायचा. विकत काही घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तीच वाट, तोच क्रम, तीच झारी. माझ्या शेजारी आमचा डिझाइनवाला बसतो. तो एकदा माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, की हे कुणीतरी म्हातारं माणूस आहे आणि त्याला विसर पडायला लागलाय. काल येऊन गेल्याचं आज आठवत नाही. त्याची आजी शेवटी शेवटी रोज तेच कपाट उघडून तीच शाल काढायची आणि परत घडी करून ठेवायची. मी 'अरेरे' म्हटलं आणि चहा प्यायला गेले. परक्यांच्या म्हातारपणाला तेवढं पुरतं.

महिना संपत आला तशी बाबांची कळी खुलत चालली होती. एकतीस म्हटल्यावर तर ते चक्क हसले. आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आज किती?"

मी म्हटलं, "एक."

"एक?" ते म्हणाले. "काल एकतीस होते ना?"

"हो. काल एकतीस."

"आणि आज एकच?"

मी हसतच म्हटलं, की असंच असतं बाबा, एकतीसनंतर एकच येणार. ते खुर्चीत बसले. असं कसं होईल, असं दोनदा पुटपुटले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे बघितलं. ज्या माणसाने उभा जन्म महिन्याच्या तारखा सांभाळून नोकरी केली, त्याला एकतीसनंतर एक येते हे पटत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. दोन, तीन, चार. रोज आकडा ऐकला की बाबांचं तोंड आणखी उतरायचं. डोळे लाल दिसायला लागले, चालणं दमल्यासारखं झालं. एकदा शंकेने घर केलं की ती सुतावरून स्वर्ग गाठते. त्यांनी स्वेटर उलटा घातला, तर आम्हाला खूण पटली. दूधवाल्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, तर आणखी एक खूण. खरं म्हणजे ते दूधवाल्याला पहिल्यापासून त्याच्या बापाच्या नावानेच हाक मारतात, पण हे तेव्हा कोण आठवणार.

ऑफिसातल्या पाहुण्याचंही बिघडत चाललं होतं. आधी दिवसातून एकदा येणारा तो आता दोनदा आला, मग तीनदा, मग चारदा, आणि दर वेळी पहिल्या पानापासून सगळं नव्याने. डिझाइनवाला म्हणाला, "वाढत चाललंय बरं का." मॅनेजरबाईंनाही ते बघवेना. त्यांनी वेबसाइटवर एक छोटी चौकट टाकायला लावली. एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली प्रश्न, मदत हवी आहे का? पाच तारखेला सकाळी आम्ही तिघं माझ्या स्क्रीनपुढे बसून वाट बघत होतो. कोण आत्ता वेबसाइटवर आहे आणि काय करतंय, हे त्या क्षणी बघता येतं. पाहुणा आला. चौकट उघडली. बाण त्या बाईच्या चित्रावर थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने चौकट बंद केली. मॅनेजरबाई उसासा टाकून आपल्या जागेवर गेल्या.

आमच्या घरी त्या दिवशी नळवाला यायचा होता. आठवण झाली म्हणून मी घरी फोन लावला. स्क्रीन समोरच होती. फोन वाजायला लागला आणि पाहुण्याचा बाण थांबला.

बाबांनी फोन उचलला. नळवाला आला का, मी विचारलं. थांब, दार वाजल्यासारखं वाटलं, बघून येतो, म्हणाले. बाण एका टोमॅटोच्या चित्रावर निश्चल पडून होता. फोनमध्ये त्यांच्या सपाता दूर जाताना ऐकू आल्या, परत येताना ऐकू आल्या. नाही आला, म्हणाले. बरं, म्हटलं. ठेवतो हं, म्हणाले, आणि फोन कट झाल्यावर टोमॅटोवर दोनदा टिचकी पडली. टकटक.

रोज सकाळी जे म्हातारं माणूस हरवल्यासारखं हिंडताना बघून मी अरेरे म्हटलं होतं, ते माझ्या घरात बसलं होतं. मी पुन्हा फोन लावला. बाबा, काय करत होतात, एवढंच विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "फेरीवर आहे."

फेरी म्हणजे मीटर वाचायची फेरी. आमच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. त्यांना वाटतंय ते अजून नोकरीत आहेत, हे माझ्या मनाने पक्कं धरलं. मी डिझाइनवाल्याला काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले आणि बसमध्ये तोंडावर रुमाल धरून बसले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. तो एक पेला बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, की एकतीसनंतर एक आली त्याच दिवशी त्याला कळलं होतं, फक्त तोंडावर आणायचं धाडस होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मेंदूच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. बाबांना काय सांगून न्यायचं, यावर आमचं एकमत होईना. मी ऑफिसात गेले. त्या दिवशी पाहुण्याने सहा फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीत बाण खूप हळू चालत होता. मध्येच थांबायचा, पडून राहायचा, पुन्हा निघायचा. दुसऱ्यांच्या वाटेवर डोळा ठेवणं हा माझा धंदा, पण तो बाण मला शेवटपर्यंत बघवला नाही. लहान मुलाला परीक्षेत रडताना काचेतून बघावं आणि आत जाता येऊ नये, तसं झालं.

संध्याकाळी मी चपला काढल्या. बाबा खोलीतून आले. भिंतीला हात लावत आले.

"आज किती?"

"सहा, बाबा."

ते खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे चोळले. "सहा," म्हणाले. "म्हणजे माझेच. सहाच्या सहा माझेच. बाहेरचं एक माणूस आलं नाही."

"कुठे आलं नाही?"

"तुझ्या दवाखान्यात," ते म्हणाले.

मी तिथेच जमिनीवर बसले. बाबा सांगत गेले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. कुणी भेट देत नाही, असं तू म्हणायचीस. मग मी रोज एक भेट द्यायला लागलो. नंतर तू सांगायचंच बंद केलंस, म्हणून मी विचारायला लागलो. तू बारा म्हणालीस, मग तेरा, मग चौदा. गर्दी बघून गर्दी येते, तसं होतंय असं वाटलं. एकतीसपर्यंत गेले. आणि एकदम एक. तो एक तर मीच. बाकीचे तीस गेले कुठे? दुसऱ्या दिवशी दोनदा जाऊन बघितलं, तर तू म्हणालीस दोन. तीनदा गेलो, तर तीन. म्हणजे दुसरं कुणी येतच नाही.

"पोरी, याहून जास्त आता माझ्याने होत नाही," ते म्हणाले. "डोळ्यांतून पाणी येतं. मी तुझ्या साहेबांना येऊन सांगू का? मुलगी कामाला चोख आहे म्हणावं. लोकच येत नाहीत, त्याला ती काय करणार. तिला नारळ देऊ नका."

मला हसू आलं की रडू, ते आजही सांगता येणार नाही. दोन्ही एकदम आलं असावं. मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला तारीख सांगत होते.

"तारीख?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तारीख तुला कशाला विचारू? खोलीत एवढं मोठं कॅलेंडर टांगलंयस की."

होते, म्हणाले होते ते. काल एकतीस होते ना. तारीख असती तर होती म्हणाले असते. हे साधं माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला व्याकरण सुचत नाही.

मग मी एकेक विचारत सुटले. झारी टोपलीत टाकून परत का ठेवता? तर लोक टोपलीत काही टाकून बघत नाहीत असं तूच म्हणायचीस. विकत घेतली असती, पण घरात झारी आहे, आणि तुझाच पगार तुझ्याच दुकानात घालायचा हे काही बरं दिसत नाही. दवाखान्याच्या तळापर्यंत का जाता? तर खरी मेहनत तळाशी आहे ना. बियाण्यांतलं एकेक पाकीट का उघडता? तर यावर त्यांना माझंच नवल वाटलं. एका घरी जायचं आणि शेजारच्याला वगळायचं, हे बरं दिसतं का? मी जेवताना केलेली प्रत्येक कुरकुर त्यांना जशीच्या तशी पाठ होती, कोणत्या दिवशी ताटात काय होतं त्यासकट. आणि याच माणसाची आठवण तपासून घ्यायला आम्ही डॉक्टर शोधला होता. माझा जीव भांड्यात पडला तो असा, की भांड्याचा आवाज शेजारी गेला असेल.

"आता तर तिथे एक बाई पण बसवली आहे," बाबा म्हणाले. "दर फेरीला विचारते, मदत हवी का. मी म्हणतो, नको. माझी सून आहे आत."

नवरा घरी आला तेव्हा मी जमिनीवर बसून डोळे पुसत होते आणि बाबा मला पाणी आणून देत होते. तो दारातच पांढराफटक पडला. मी म्हटलं, बाबांना काहीही झालेलं नाही, आपल्याला झालंय. त्याला सगळं सांगायला वेळ लागला, कारण मध्येमध्ये मला हसू आवरत नव्हतं. सांगून झाल्यावर तो बाबांच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिला. बाबांना हे काय चाललंय ते कळेना, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची घेतली. चष्म्याचा नंबर बराच वाढला होता. कान मात्र, शेजारच्या कानाच्या डॉक्टरांनी सहज म्हणून तपासले, अगदी शाबूत निघाले.

ऑफिसात मी मॅनेजरबाईंना जाऊन सांगितलं, की आपला तो हरवलेला पाहुणा माझा सासरा आहे. आमच्याकडे नियम आहे, घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या भेटी मोजणीत धरायच्या नाहीत, त्या आधीच वगळून ठेवायच्या. माझ्या घरचा कॉम्प्युटर वगळायचा राहून गेला होता, कारण आमच्या घरातून कुणी बियाणं बघायला जाईल हे मला सुचलंच नव्हतं. मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांची तब्येत बरी आहे ना? ठणठणीत, मी म्हटलं. मग त्या खुर्चीला टेकून इतक्या हसल्या, की डिझाइनवाला काय झालं बघायला आला. त्यालाही सांगितलं. तो ओशाळला, पण त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आजीचं आठवून तोही त्या बाणाकडे जीव मुठीत धरून बघत असणार. दवाखाना अजून चालू आहे. दिवसाला मोजकेच लोक येतात, पण ते परके असतात आणि खरे असतात.

बाबांना ही वगळण्याची गोष्ट सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. महिनाभर राबलेल्या माणसाला तुमचं काम धरलं नाही हे कसं सांगणार? दोन दिवस घोळवून शेवटी मी सांगून टाकलं, की बाबा, आजपासून तुम्ही कितीही वेळा आलात तरी तुम्हाला मोजणार नाहीत.

त्यांनी विचारलं, "पण यायला बंदी नाही ना?"

"बंदी कशी असेल?"

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "घरच्या माणसाला कोण मोजतं?"

तेव्हापासून ते दिवसाला एकच फेरी मारतात, नवा चष्मा लावून. वगळलेल्या भेटीचं रेकॉर्डिंग होत नाही, त्यामुळे ते आले की नाही, काय बघून गेले, हे मला आता ऑफिसात बसून कळत नाही. घरी येऊन विचारावं लागतं. आणि बाबा सांगतात, पहिल्या पानापासून, मधलं काहीही न गाळता. काल त्यांचं सांगून होईपर्यंत भाजी करपली, आणि नवऱ्याने ती मुकाट्याने खाल्ली.